तादेऊचा दुसरा सीझन

नव्या जर्सींचे खोके काल आले. चिकटपट्टी कापली आणि तो वास खोलीभर झाला. प्लास्टिकचा, छापलेल्या आकड्यांच्या रबराचा, कोऱ्या कापडाचा. जून महिन्यात नव्या पुस्तकांना यायचा त्याच्या नात्यातलाच. शाळा मी नववीत सोडली, पण नव्या वस्तूच्या वासानं तेव्हाचेच प्रश्न अजून पडतात. आता या वर्षी काय होणार, आपल्याला जमणार का, कुणी उठवून बाहेर तर काढणार नाही ना.

सिंगापुरात वर्षभर हवा एकच. सकाळी घाम, दुपारी गडगडाट, संध्याकाळी परत घाम. अंगाला महिना कळत नाही. झाडं मनाला येईल तेव्हा फुलतात. कोल्हापुरात होतो तेव्हा गुऱ्हाळं सुरू झाली की वाऱ्यावरनंच कळायचं. इथं माझं वर्ष या खोक्यांवर चालतं. खोके आले की सीझन लागला, जर्सींचे आकडे उलायला लागले की संपत आला. मी एका फुटबॉल क्लबचा किटमॅन आहे. कपडे धुवायचे, इस्त्री करायची, बूट वाळवायचे, चेंडूत हवा भरायची आणि मॅचच्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये जर्सी टांगायच्या. पोरं मला अंकल म्हणतात. अंकल होण्याइतकं वय नाही माझं, पण या देशात टॅक्सीवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळेच अंकल, त्यात मी एक.

यंदाची नऊ नंबरची जर्सी एका उंच, लाजऱ्या परदेशी पोराला मिळणार आहे. ती हातात घेतली, घडी मोडली, परत घातली. नऊ म्हटलं की मला तादेऊच आठवतो, आणि त्याचा तो एकुलता एक सीझन.

तादेऊ ब्राझीलचा. फॉरवर्ड. आला तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, कानाजवळचे केस पांढरे, पाय मात्र घोड्याचे. ब्राझीलच्या आतल्या भागातलं त्याचं गाव त्यानं मिसरूड फुटायच्या आत सोडलं होतं. मग पोर्तुगालची दुसरी डिव्हिजन, मग सायप्रस, कुवेत, व्हिएतनाम, गोवा, थायलंड, मलेशिया आणि आता आमच्या इथं. कुवेतमध्ये त्याच्या नावाची आरोळी ठोकायचे म्हणे. व्हिएतनाममध्ये चिखलात तीन गोल मारले होते, त्याचा व्हिडिओ त्यानं मला इतक्यांदा दाखवला की तिसऱ्या गोलाच्या आधी गोलकीपर कुठं घसरतो हे मला पाठ झालं. पण सगळीकडे एकच सीझन. कुठं गुडघा गेला, कुठं कोच बदलला, कुठं क्लबच बंद पडला, एका ठिकाणचा मालक तुरुंगात गेला. कारण दरवेळी नवीन, बॅग तीच. मैदानात चेंडू मागताना तो चार-पाच भाषांत ओरडायचा. घाईत कुठली भाषा तोंडात येईल त्याचा नेम नसायचा. आमचा लेफ्ट बॅक एकदा वैतागून, इथल्या सवयीनं शेवटी 'ला' जोडून म्हणाला, "अंकल, धिस ब्रो इज गूगल ट्रान्सलेट, ला."

आम्हा दोघांचं इंग्रजी सारखंच लंगडं, म्हणून जमलं. बरोबर इंग्रजी बोलणाऱ्यापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्याच्यापुढं नाही. कपडे धुवायच्या खोलीत तो उगाच येऊन बसायचा. एके दिवशी मी साबण घेऊन वळलो आणि सहज मराठीत पुटपुटलो, "साबण संपत आला की." तो ताडकन उठला. त्याच्या पोर्तुगीजमध्येही साबण जवळजवळ साबणच. मग आमचा खेळ सुरू झाला. चावी दाखवली, चावी निघाली. बटाटा तर बटाटाच. मी म्हटलं, पगार? तो हसून हसून कपड्यांच्या गाडीवर पडला. म्हणाला, "हा शब्द सगळ्या देशांत उशिरा येतो."

(हे सगळं आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलायचो. इथं मराठीत लिहितो, त्यात तो जरा जास्त शहाणा वाटेल आणि मीही. त्याला इलाज नाही.)

त्याला काय हवं होतं हे त्यानं मला लवकरच सांगितलं. गोल नव्हे, कप नव्हे. त्याला एका ठिकाणी दुसरा सीझन हवा होता. "सलग दोन," दोन बोटं दाखवून तो म्हणायचा. करारात एक कलम होतं. ठरलेल्या संख्येइतक्या मॅचेसमध्ये तो मैदानात उतरला, अगदी शेवटच्या मिनिटाला बदली म्हणून उतरला तरी, की पुढचं वर्ष आपोआप लागणार. कुणाच्या पाया पडायला नको.

मी विचारलं, "दुसऱ्या सीझनमध्ये करणार काय तू वेगळं?"

 तो म्हणाला, "जड वस्तू विकत घेईन."

मला कळेना. तेव्हा त्यानं समजावलं. इतक्या वर्षांत त्यानं विमानात चालणार नाही अशी एकही वस्तू घेतलेली नव्हती. गादी नाही, कुंडी नाही, दगडाची काही नाही. घरात जे असेल ते क्लबचं. वापरायचं आणि ठेवून निघायचं. बोलताना त्याच्या आवाजात रडं नव्हतं, म्हणून मलाच कसंतरी झालं. माझ्याही खोलीत काय आहे? आम्ही चौघं एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, बाकी तिघं तमिळ, भले लोक. एक पलंग, एक कपाट, खिडकीत तुळस लावलेला डबा. तुळस तरी आहे, असं मी मनाला सांगितलं.

पहिले गोल पडायला लागले तसा त्याला धीर आला आणि सीझन संपायच्या आतच आम्ही लिटल इंडियात जाऊन कुकर आणला. त्याला त्याच्या गावचा काळा घेवडा शिजवायचा होता. कुकर निवडताना त्यानं प्रत्येक कुकर हातात तोलून पाहिला आणि सगळ्यात जड तो घेतला. दुकानदार म्हणाला, "एकटा माणूस आहेस ना? लहान घे." तादेऊनं मान हलवली. घरी आल्यावर पहिली शिट्टी झाली तसा तो दचकून मागं सरला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "ऑफसाइड?" त्यांच्याकडचे कुकर असे किंचाळत नाहीत म्हणे, नुसते फुसफुसतात. त्या दिवशी त्यानं घेवडा केला, मी शेजारच्या शेगडीवर तांबडा रस्सा केला. दोन्ही एकत्र कालवून तो जेवला आणि घाम पुसत म्हणाला, "हे कुवेतपेक्षा गरम आहे."

कोल्हापूरहून फोनवर बायको विचारायची, "जेवलासा का? आन् तुमचा तात्या जेवला का?" तादेऊचा तात्या तिनंच केला. मग पेठेत सगळे तात्याच म्हणायला लागले. कोल्हापूरला फुटबॉलचं वेड किती, हे तिथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटणार नाही. आमच्या पेठेत निम्म्या भिंती ब्राझीलच्या पिवळ्या रंगाच्या. आणि पेठेतला एक माणूस साक्षात ब्राझीलच्या फॉरवर्डची जर्सी धुतोय म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. बालमित्र बंडानं फोटो पाठवला. चौकात फ्लेक्स. एका बाजूला तादेऊ, दुसऱ्या बाजूला मी, दोघांच्या डोक्यामागं सूर्याची किरणं. खाली अक्षरं: आपल्या पेठेचे सुपुत्र व सिंगापूरचे फुटबॉल प्रशिक्षक यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणारे ब्राझीलचे जगप्रसिद्ध खेळाडू तात्या यांना हार्दिक शुभेच्छा. त्याखाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या मंडळाचे चेहरे.

 मी लगेच फोन लावला.

"बंड्या, आधी उतरव ते."

"आता कसं उतरवायचं भावा? नारळ फोडलाय."

"अरे, मी प्रशिक्षक न्हाई! माझ्या कामाच्या पासवर काय लिवलंय आणि तू काय छापलंयस! हितं कुणी बघितलं तर मला विमानात बसवतील."

"सिंगापूरचं सरकार येतंय व्हय आपल्या चौकात चहा प्यायला? नादखुळा झालाय फ्लेक्स. गप बस."

मी रात्रंदिवस धसका घेतला. अनोळखी नंबर आला की वाटायचं, आलं ते. शेवटी तादेऊला दाखवलं, म्हटलं माफ कर, आमची माणसं अशीच. त्यानं फोटो मोठा केला, आपला चेहरा पाहिला, सूर्याची किरणं पाहिली. "किती उंच आहे हे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं. "आणि मी तिथं कधीच खेळलो नाही," तो म्हणाला. फोटो त्यानं मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या ड्रेसिंग रूमला दाखवला. मला कुणी विमानात बसवलं नाही. पोरं काही दिवस 'कोच अंकल, कोच अंकल' करून चिडवत राहिली, इतकंच.

आता भिंतीबद्दल सांगायला हवं. मॅचच्या दिवशी टीमची यादी कोच सगळ्यात आधी मला पाठवतो, कारण जर्सी मला टांगायच्या असतात. दारासमोरच्या भिंतीवर खेळणारे अकरा. बाजूच्या भिंतीवर बदली. यादीत नाही त्याची खुंटी रिकामी. खेळाडू आत येतात, भिंत बघतात, समजून जातात. कोचला कुणाला तोंडानं काही सांगावं लागत नाही. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात, आणि आमच्या तालमीत याच्या उलट होतं. तिथं आबा म्हणून एक म्हातारे होते. ते पेटीतून एकेक जर्सी काढायचे, मारुतीच्या फोटोसमोर मोठ्यानं नाव घ्यायचे आणि जर्सी हातात द्यायचे. ती कपाळाला लावून मगच अंगात घालायची. ज्याचं नाव आलं नाही त्यानं मान खाली घालायची, पण मॅचला यायचंच. घरी बसणं चालायचं नाही. त्या सवयीनं मी अजून प्रत्येक जर्सी टांगायच्या आधी कपाळाला लावतो, कुणी बघत नसताना. तादेऊनं ते बघितलं होतं, कारण प्रत्येक मॅचला तो सगळ्यांच्या आधी यायचा. भिंत बघायला.  नऊ नंबर दिसला की खांदे सैल व्हायचे.

शेवटच्या मॅचपर्यंत आलो तेव्हा त्याच्या कलमाला फक्त तीच एक मॅच कमी होती.

आदल्या संध्याकाळी जोशीसाहेबांनी मला गाडीत घेतलं. साहेब पुण्याचे, इथले कायमचे रहिवासी, वन-नॉर्थ नावाच्या भागात एका कंपनीत हिशेब बघतात आणि आमच्या क्लबचेही बघतात. मला इथं त्यांनीच आणलं. कोल्हापुरातल्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या माणसासाठी कुणी इतकी खटपट करतं का? त्यांनी केली. वडील गेले तेव्हा विमानाचं तिकीट त्यांनीच हातात ठेवलं. त्यांच्या गाडीत मी अजून पाठ टेकून बसत नाही.

"मारुती," साहेब म्हणाले, "उद्याच्या यादीत तादेऊ नसेल. आश्चर्य दाखवू नकोस."

"का साहेब? तब्येत तर ठणठणीत आहे."

"म्हणूनच. तो उतरला की पुढचं वर्ष लागतं. क्लबला झेपत नाही रे. वरून सांगणं आलंय."

मागच्या सीटवर त्यांचा मुलगा मोबाइलवर खेळत होता. मान वर न करता म्हणाला, "पापा, सो अनफेअर, ला."

"तू तुझा गेम खेळ," साहेब म्हणाले.

आश्चर्य दाखवू नकोस, एवढंच ते म्हणाले. सांगू नकोस असं म्हणाले नाहीत. ते वाक्य मी खिसा उलटून बघावा तसं उलटून पाहिलं. एकीकडे ज्यांचं मीठ खाल्लं ते साहेब, दुसरीकडे जड कुकर घेऊन बसलेला तो. आणि मध्ये माझा पास, दर वर्षी नूतनीकरणाला जाणारा. भीती वाटली का? खूप वाटली. पण सकाळी त्याला भिंतीनं सांगावं, माझ्या हातांनी रिकामी ठेवलेल्या खुंटीनं सांगावं, हे मला झेपेना.

क्लबनं परदेशी खेळाडूंना बुकित पंजांगला फ्लॅट दिला होता, माझ्या ब्लॉकपासून चालत जाण्यासारखा. मी त्याला खाली बोलावलं. आम्ही एलआरटीत बसलो. ही छोटी रेल्वे उंच खांबांवरून वस्तीभोवती गोल फिरते. कुठं जायचं नसलं की आम्ही दोघं तिच्यात बसायचो. इमारतींच्या अगदी जवळून जाते ती, आणि जवळ आली की खिडक्यांच्या काचा आपोआप धुरकट होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. एखादं स्वयंपाकघर दिसणार, कुणी कणीक मळतंय की भांडी घासतंय ते कळणार, तोच काच पांढरी. आपल्यासारख्या एकट्या माणसानं बघू नये असं सगळं जग तेवढ्यात पडद्याआड जातं. मी तेव्हाच बोललो, काच धुरकट असताना. त्याच्याकडे न बघता बोललो.

 काचा स्वच्छ झाल्या, परत धुरकट झाल्या. मग त्यानं विचारलं, "उद्या खोली नेहमीच्या वेळेला उघडशील?"

"हो."

"बरं."

वाटलं, हा आता येणार नाही. कशाला येईल?

सकाळी मी यादी उघडली. साहेब म्हणाले तसंच होतं. मी पहिली जर्सी उचलली आणि दार वाजलं. तादेऊ. दाढी केलेली, क्लबचा टी-शर्ट इस्त्रीचा. भिंतीकडे त्यानं बघितलंच नाही.

मी म्हटलं, "काही बदललेलं नाही रे."

"माहीत आहे. आज तुला एकट्याला जड जाईल म्हणून आलो."

त्यानं माझ्या हातातून जर्सी घेतली, कपाळाला लावली आणि टांगली. मग दुसरी. मग तिसरी. मी देत गेलो, तो लावत गेला. प्रत्येक कपाळाला. नऊच्या खुंटीपाशी आलो तेव्हा मी थांबलो, तो थांबला नाही. तिला वळसा घालून पुढच्या खुंटीवर गेला, मैदानात पडलेल्या माणसाला वळसा घालतात तसा. पोरं आत आली. तादेऊला भिंतीपाशी आणि ती खुंटी रिकामी बघून सगळ्यांची बडबड बंद झाली. आज तादेऊच्या जागी पुढं खेळणार होता तो पोरगा दारातच खिळून राहिला. तादेऊनं त्याची जर्सी खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिली आणि मोठ्यानं त्याचं नाव घेतलं. आमच्या आबांसारखं. आबांबद्दल मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

मॅच बरोबरीत सुटली. तो स्टँडमध्ये एकटा बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून. चेंडू समोर आला की त्याचा उजवा पाय हलायचा. मला साइडलाइनवरून तो पाय दिसत होता.

नंतर जोशीसाहेब कपड्यांच्या खोलीत आले. ते तिथं कधी येत नाहीत. "तू सांगितलंस त्याला?"

"हो साहेब."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सोमवारी तुझ्या पासचे कागद घेऊन ये," म्हणाले आणि गेले. तो रविवार मी कसा काढला मलाच ठाऊक. बायकोला म्हटलं, बहुतेक येतोय मी. ती म्हणाली, "या की. भाकरी कुणी तोडली न्हाई आपली." सोमवारी कळलं, कागद नूतनीकरणासाठी हवे होते. सही करताना साहेब हळूच म्हणाले, "बरं केलंस. मला जमलं नसतं." त्या दिवशी घरी जाताना मी त्यांच्या ऋणात आणखी एक पायरी खाली उतरलो असं वाटलं, आणि उतरताना बरंही वाटलं.

तादेऊला पुढचा क्लब इंडोनेशियात मिळाला. अर्ध्या सीझनचा करार. कुकर बॅगेत बसत होता, वजनात बसत नव्हता. तो त्यानं माझ्या शेगडीवर ठेवला आणि त्याविषयी आम्ही काही बोललो नाही. आज घेवडा शिजवतो त्यात मी. चौघांना पुरून उरतो. शिट्टी झाली की तमिळ पोरं म्हणतात, "अण्णा, युअर ब्राझील कॉलिंग."

इथून तो गेला तो विमानानं नाही, बोटीनं; पुढचं विमान पलीकडच्या बातामहून होतं. हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून इंडोनेशियाचं बाताम बेट बोटीनं तासाभरावर, इतकं जवळ, आणि तरी दुसरा देश. मी सुट्टी काढून पोचवायला गेलो. टर्मिनलमध्ये सुट्टीचे कपडे घातलेली कुटुंबं, गोल्फच्या पिशव्या, रडणारी एक मुलगी. मी त्याला मोठ्या माणसानं सांगावं तसं सांगत होतो, पासपोर्ट बघ, पाणी घे, पोचलास की कळव. तो ऐकत होता. रांग पुढं सरकत होती.

मध्येच तो वळला. "अंकल, तुझे इथं किती सीझन झाले?"

मी बोटं मोजली. असं कुणी विचारलंच नव्हतं. मी महिने मोजतो, पासची तारीख मोजतो. सीझन कधी मोजले नव्हते. "सहा. आता सातवा लागेल."

त्यानं बॅग खाली ठेवली. "एकाच क्लबमध्ये?"

"एकाच."

"सलग?"

"सलगच की."

तो माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला ओळखीचं होतं. मैदानाच्या जाळीला नाक लावून पोरं त्याच्याकडे तसं बघायची. मग रांगेच्या तोंडाशी तिकीट तपासणारी बाई होती, तिला त्यानं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मॅडम, सेव्हन सीझन्स! सेम क्लब! धिस मॅन!"

बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गोल्फवाल्यांनी पाहिलं. रडणारी मुलगी रडायची थांबून बघू लागली. एकानं तर दोन टाळ्याही वाजवल्या, कशासाठी ते त्यालाच माहीत.  मी हात जोडले आणि चारी बाजूंना वळून नमस्कार केला.

हात खाली घेईपर्यंत तो आत गेला होता.